उत्तर ठाऊक होते, तरी हात अडला: सीनियर-ज्युनियर मार्गदर्शनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ऑर्डर नोंदवणारी ऑनलाइन सेवा सांभाळणारी सहा जणांची एक टीम होती. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे गाळले आहेत. मी तेव्हा शेजारच्या टीममध्ये होतो, आणि पुढे जी घटना घडली तिच्या आढावा बैठकीला बाहेरचा माणूस म्हणून मला बोलावले होते. त्यानंतरचे बदलही मी जवळून पाहिले.

टीममधल्या सीनियर इंजिनियर म्हणजे त्या सेवेचा कणा. मूळ आराखडा त्यांचा, डेटाबेसची रचना त्यांची, आणि काही बिघडले की पहिला फोन जायचा तोही त्यांनाच. त्यांच्या हाताखाली कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक ज्युनियर आला. त्याच्यासाठी कागदोपत्री जे जे करायला हवे ते सगळे झाले. ओळख करून देणारे दस्तऐवज होते, मार्गदर्शक म्हणून सीनियरचे नाव ठरले होते आणि आठवड्याला एक तास दोघांनी बोलायचे असेही ठरले होते.

सीनियरनी हे काम मनापासून केले. ज्युनियरची प्रत्येक पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यावा ही विनंती, त्या शक्यतो त्याच दिवशी वाचत, आणि ओळ न् ओळ वाचत. जिथे चुकले असेल तिथे नुसती खूण करून त्या सोडून देत नसत, बरोबर कोडच लिहून देत. ज्युनियर तो उचलून आपल्या शाखेत (कोडच्या आपल्या प्रतीत) घाली, चाचण्या हिरव्या होत, म्हणजे पास होत, आणि काम पुढे सरके. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याच्याबद्दल ‘लवकर शिकतो’ असा शेरा आला. सीनियरही समाधानी होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला यात खोट काढायला जागा नव्हती.

घटना

एका शोध-सुविधेसाठी ऑर्डरच्या टेबलवर नवा इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची, हवा होता. डेटाबेस पोस्टग्रेस. मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसच्या रचनेत बदल करणारा कोड, लिहायचे काम ज्युनियरकडे होते, आणि त्याच सुमारास सीनियर रजेवर गेल्या होत्या.

पोस्टग्रेसमध्ये साधी ‘क्रिएट इंडेक्स’ आज्ञा दिली की इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवर वाचन चालू राहते, पण लेखन अडून राहते. नवी नोंद घालता येत नाही, जुनी बदलता येत नाही. टेबल लहान असेल तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. टेबल मोठे असेल तर ‘कन्करंटली’ हा शब्द जोडावा लागतो. मग डेटाबेस टेबलवरून दोनदा फिरतो, वेळ जास्त लागतो, पण लेखन अडत नाही. त्याला एक अट आहे: ही आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे एकतर सगळ्या पूर्ण होतात किंवा एकही होत नाही अशा आज्ञांच्या गटात, चालत नाही.

ज्युनियरने आधी ‘कन्करंटली’ लिहिले होते. आधीच्या एका मायग्रेशनमध्ये ते पाहिलेले त्याला आठवत होते. पण टीमचे मायग्रेशनचे साधन प्रत्येक मायग्रेशन आपोआप ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळत असे, त्यामुळे त्रुटी आली. त्याने तो शब्द काढला. त्रुटी गेली. चाचणीच्या डेटाबेसमध्ये काही हजार नोंदी होत्या, तिथे इंडेक्स क्षणात तयार झाला. टीममधल्या मधल्या फळीतल्या एका इंजिनियरने पुल रिक्वेस्ट वरवर पाहून मंजूर केली.

प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत होते त्या खऱ्या डेटाबेसमध्ये, त्या टेबलात कोट्यवधी नोंदी होत्या. आज्ञा सुरू झाली आणि नव्या ऑर्डर रांगेत उभ्या राहिल्या. रांगेतल्या प्रत्येक विनंतीने डेटाबेसचे एकेक कनेक्शन अडवून ठेवले. थोड्याच वेळात कनेक्शन पूल भरला, म्हणजे एकही मोकळे कनेक्शन उरले नाही, आणि ज्यांना फक्त वाचायचे होते त्या विनंत्याही नापास होऊ लागल्या.

त्या दिवशी ऑन-कॉल, म्हणजे बिघाड हाताळण्याच्या पाळीवर, ज्युनियरच होता. कारण त्याला काही मिनिटांतच सापडले. चालू क्वेऱ्यांच्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञांच्या) यादीत आपली आज्ञा सगळ्यांना अडवून बसलेली त्याला दिसली. ती रद्द करण्याची आज्ञा त्याने टर्मिनलवर टाइप केली, आणि एंटर न दाबता त्याने सीनियरना संदेश पाठवला: “ही क्वेरी थांबवू का?” सीनियर विमानात होत्या. तो उत्तराची वाट पाहत बसला. पाऊण तासाने दुसऱ्या क्रमांकाच्या ऑन-कॉल इंजिनियरचे तक्रारींकडे लक्ष गेले. त्याने ज्युनियरशी बोलून तीच टाइप केलेली आज्ञा चालवली. मिनिटाभरात ऑर्डर पुन्हा जाऊ लागल्या.

ती आज्ञा चालवण्यात धोका नव्हता. साधे ‘क्रिएट इंडेक्स’ मध्येच रद्द केले तर झालेले काम मागे घेतले जाते आणि टेबल होते तसे राहते. ‘कन्करंटली’ अर्धवट थांबवले असते तर निकामी इंडेक्स मागे उरला असता आणि तो नंतर काढावा लागला असता. इथे तोही प्रश्न नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

आढावा बैठकीपुढे आलेल्या पहिल्या मसुद्यात एकच कारण होते: ‘कन्करंटली’ वापरले नाही. उपायही एकच: तपासयादीत एक ओळ वाढवायची. तेवढ्यावर बैठक संपली असती. पण दुसऱ्या एका टीममधल्या सहकाऱ्याने घटनाक्रमातल्या दोन वेळांकडे बोट दाखवले. कारण कळले ती वेळ आणि क्वेरी थांबली ती वेळ. मध्ये काय झाले?

ज्युनियर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काय करायचं ते मला कळलं होतं. पण ते मी ठरवायचं आहे असं वाटलं नाही.”

या वाक्यानंतर बैठकीचा रोख बदलला. व्यवस्थापकांनी ज्युनियरच्या मागच्या वर्षभरातल्या पुल रिक्वेस्ट उघडायला लावल्या. त्यात काही महिन्यांपूर्वीचे, त्याला आठवत असलेले ते इंडेक्सचे मायग्रेशन सापडले. तेव्हाही ज्युनियरने आधी साधी आज्ञाच लिहिली होती. सीनियरनी ती ओळ स्वतः बदलून ‘कन्करंटली’ घातले होते, ते मायग्रेशन ट्रान्झॅक्शनबाहेर चालेल अशी सेटिंगही केली होती आणि मंजुरी देऊन टाकली होती. का बदलले याचा एक शब्दही तिथे नव्हता. ज्युनियरने ‘धन्यवाद’ लिहिले होते.

माझ्या मते संपूर्ण प्रकरण त्या एका बदलात आहे. सीनियरनी चूक टाळली, सेवा वाचवली, ज्युनियरचा वेळही वाचवला. फक्त त्यामागचा विचार त्यांच्या डोक्यातच राहिला. ज्युनियरच्या हाती एक शब्द आला, आणि तो शब्द आड येताच त्याने तो काढून टाकला. इतर रिव्ह्यूंमध्येही हेच होते. शेरे जवळजवळ सगळे आज्ञार्थी होते: हे असे कर, हे काढ, इथे हा प्रकार वापर. एवढ्या वर्षभरात त्याने स्वतः विचार करून घेतलेला आणि स्वतः निभावलेला एकही महत्त्वाचा निर्णय आम्हाला सापडला नाही. त्याला ज्ञान मिळत होते, निर्णय मिळत नव्हते.

आणखी एक गोष्ट नंतरच्या बोलण्यातून कळली. मूल्यमापनासाठी ज्युनियरबद्दलचा अभिप्राय सीनियरच देत असत. त्यामुळे ‘हे मला समजलं नाही’ असे त्यांना विचारताना तो दहादा विचार करी. ज्याच्याकडे शंका घेऊन जायचे आणि ज्याने गुण द्यायचे ते माणूस एकच होते. मार्गदर्शक कितीही प्रेमळ असला तरी ही अडचण राहतेच.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय स्वतः सीनियरनीच मांडला. यापुढे प्रत्येक मायग्रेशन त्या लिहितील किंवा त्यांच्या मंजुरीशिवाय जाणार नाही. त्यात जबाबदारीची खरी जाणीव होती, आणि टीममधल्या बऱ्याच जणांना ते पटलेही. व्यवस्थापकांनी नकार दिला, आणि तो या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता असे मी म्हणेन. सीनियर उपलब्ध नाहीत म्हणून सेवा पाऊण तास बंद राहिली होती, आणि त्यांच्यावरचे अवलंबित्व आणखी वाढवणे हा त्यावरचा उपाय असूच शकत नव्हता.

दुसरा पर्याय होता स्वयंचलित तपासणीचा. ‘कन्करंटली’ नसलेले इंडेक्स मायग्रेशन सीआयमध्येच, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतच, अडवायचे, आणि मायग्रेशनच्या कनेक्शनवर वेळेची मर्यादा घालायची, म्हणजे लांबलेली आज्ञा आपोआप रद्द होईल. याला कोणाचीच हरकत नव्हती. यंत्राला पकडता येणारी चूक माणसाच्या स्मरणावर सोपवू नये. पण यामुळे फक्त ही एक चूक थांबली असती.

डेटाबेसचे दोन दिवसांचे प्रशिक्षण किंवा मार्गदर्शक बदलणे हेही सुचवले गेले. प्रशिक्षणाने ‘मला वाटलं नाही’ हे वाक्य बदलले नसते, आणि मार्गदर्शक बदलणे म्हणजे सीनियरना शिक्षा ठरली असती, असे म्हणून दोन्ही लगेच बाजूला पडले.

उरला तो पर्याय सगळ्यांत महाग होता: मार्गदर्शनाची पद्धत बदलायची आणि निर्णय टप्प्याटप्प्याने ज्युनियरच्या हाती द्यायचे. यात सीनियरचा वेळ जाणार, त्यांचे स्वतःचे काम मागे पडणार हे उघड होते. रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच मांडले होते. नव्यांना तयार करण्यात जाणत्यांचा वेळ जातो हे त्यामागचे एक मोठे कारण. व्यवस्थापकांना हे माहीत होते. त्यांनी एक सुविधा पुढच्या तिमाहीत ढकलण्याची परवानगी वरिष्ठांकडून आधी मिळवली, मगच टीमला होकार दिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. वेळ मोकळा न करता ‘ज्युनियरकडे जास्त लक्ष द्या’ असे सांगणे म्हणजे सीनियरवर आणखी एक ओझे टाकणे.

प्रत्यक्षात काय केले

तपासणी आणि वेळमर्यादा लगेच लागू झाल्या. चाचणीच्या डेटाबेसमध्ये प्रॉडक्शनच्या तोडीच्या आकाराचे, बनावट नोंदींचे टेबल ठेवले गेले.

मग सीनियरनी टीममध्ये घेतल्या जाणाऱ्या निर्णयांची यादी केली आणि त्यांची वाटणी केली. कसोटी एकच ठेवली: चुकले तर परत फिरता येईल का? फंक्शनची मांडणी, अंतर्गत नावे, चाचण्यांची रचना अशा गोष्टी कधीही बदलता येतात, म्हणून ते निर्णय पूर्णपणे ज्युनियरचे. मायग्रेशन, सेवांमधले इंटरफेस (एकमेकींशी माहिती देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत) अशा गोष्टींत चूक निस्तरता येते पण त्रास होतो. तिथे ज्युनियरने एक पानाची टिपणी लिहायची, निदान दोन मार्ग मांडायचे, आपण कोणता निवडला आणि का ते सांगायचे. सीनियरनी त्यावर प्रश्न विचारायचे. अडवायचे असेल तर कारण लिहून अडवायचे. आणि जिथून परत फिरता येत नाही, उदाहरणार्थ डेटा कायमचा पुसणे, तिथे दोघांनी एकत्र बसायचे.

रिव्ह्यूचे शेरेही बदलले. प्रत्येक शेऱ्याच्या आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते लिहायचे: ‘अडवते’, ‘सुचवते’ किंवा ‘प्रश्न’. ‘सुचवते’ असलेला शेरा ज्युनियरने मानला नाही तरी चालेल. आणि बरोबर कोड लिहून द्यायचा नाही.

ऑन-कॉलच्या दस्तऐवजात एक परिच्छेद आला. जो ऑन-कॉल असेल त्याला चालू क्वेरी थांबवण्याचा आणि सेवा आधीच्या आवृत्तीवर नेण्याचा अधिकार आहे. आधी विचारण्याची गरज नाही, नंतर कळवावे. दहा मिनिटांत दिशा सापडली नाही तर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला उठवावे. हे सगळे आधीपासून ‘गृहीत’ होते, असे टीममधले जुने लोक म्हणाले. जुन्यांना गृहीत असलेली गोष्ट नव्याला माहीतच नसते, एवढेच यातून दिसले. शंका विचारण्यासाठी ज्युनियरला मधल्या फळीतला दुसरा एक सोबती दिला गेला, आणि त्या सोबत्याचा मूल्यमापनाशी काही संबंध नव्हता.

पहिले काही आठवडे अवघड गेले. सीनियरना गप्प राहणे जमेना. चूक दिसत असताना प्रश्न विचारून थांबणे त्यांना वेळेचा अपव्यय वाटे, आणि दोनतीनदा त्यांनी जुन्या सवयीने कोड लिहून दिलाही. ज्युनियरच्या बाजूला वेगळेच चालले होते. पूर्वी एका पुल रिक्वेस्टवर पानभर शेरे येत, आता दोन प्रश्न येत. त्याने अर्थ काढला की त्या घटनेमुळे सीनियर नाराज आहेत आणि त्यांनी आपल्यावर मेहनत घेणे सोडले आहे. तो अधिकच बिचकू लागला.

हे सोबत्याला कळले आणि त्याने सीनियरच्या कानावर घातले. सीनियरनी ज्युनियरला बोलावून स्पष्ट सांगितले, “मी शेरे कमी देतेय ते तुझ्यावर रागावले म्हणून नाही. आता हे तू ठरवावंस म्हणून. अडलास तर ये, मी आहे.”

१९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना शिक्षक काय करतो याचा अभ्यास केला होता. बांधकामाच्या परांचीसारखा आधार द्यायचा, ही कल्पना त्यातूनच रूढ झाली. आधार हळूहळू काढायचा असतो हे आपण लक्षात ठेवतो. पण त्यांनी शिक्षकाची जी कामे नोंदवली त्यांत शिकणाऱ्याचे वैफल्य सांभाळणे हेही एक होते, आणि इथे नेमके तेच सुटले होते. आधार काढताना तो का काढतो आहोत हे समोरच्याला सांगितले नाही तर त्याला ती उपेक्षाच वाटते.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे ठरले ते सराव. डेटाबेसच्या वेगळ्या प्रतीवर कोणीतरी मुद्दाम बिघाड करून ठेवायचा. कीबोर्ड ज्युनियरकडे, सीनियर शेजारी रिकाम्या हाताने. त्याने जे दिसते आणि जे वाटते ते मोठ्याने बोलायचे. पुढच्या वेळी उलटे: सीनियरना माहीत नसलेला बिघाड, आणि मोठ्याने विचार करायची पाळी त्यांची. जाणकाराचा विचार शिकणाऱ्याला दिसला पाहिजे, हे ॲलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राउन आणि सुसान न्यूमन या शिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८९ मध्ये मांडले होते. इथे ते डोळ्यांपुढे घडले. पहिल्याच उलट्या सरावात सीनियरचे सुरुवातीचे दोन अंदाज चुकले. “हे नाही. बरं, मग काय असेल?” असे म्हणत त्या पुढे गेल्या. ज्युनियर मला नंतर म्हणाला की त्यांचाही अंदाज चुकतो हे त्याने प्रथमच पाहिले. वर्षभर त्याच्यापुढे त्यांची तयार उत्तरेच आली होती, त्यामुळे सीनियर असणे म्हणजे कधी न चुकणे अशी त्याची समजूत झाली होती.

निकाल

काही महिन्यांनी खरी परीक्षा आली. संदेशांच्या रांगेत काम तुंबू लागले. ऑन-कॉल पुन्हा ज्युनियरच होता. नुकतीच नवी आवृत्ती गेली होती, म्हणून त्याने कोणाला न विचारता सेवा आधीच्या आवृत्तीवर नेली आणि मग कळवले. पण तुंबण्याचे कारण नवी आवृत्ती नव्हतीच, बाहेरची एक सेवा मंदावली होती. म्हणजे त्याचा निर्णय निरुपयोगी ठरला. नुकसान मात्र काही झाले नाही.

आढाव्यात सगळ्यांचे लक्ष सीनियरकडे होते. त्यांनी आधी विचारले, “त्या वेळी तुला काय काय दिसत होतं?” त्याने सांगितले. तेवढ्या माहितीवर तो निर्णय योग्य होता, असे त्यांनी अहवालात लिहिले, आणि बाहेरच्या सेवेचा आलेख ऑन-कॉलच्या पडद्यावर का नाही हा प्रश्न पुढे घेतला. त्या क्षणी त्यांनी ‘आधी विचारायचं होतंस’ म्हटले असते तर एवढ्या महिन्यांची मेहनत वाया गेली असती, असे मला मनापासून वाटते.

ज्युनियरचे प्रश्न वाढले. स्वतःहून सांगितलेल्या चुकाही वाढल्या. एका टप्प्यावर व्यवस्थापकांना वाटले की कामाचा दर्जा घसरतो आहे. संस्थांमधल्या कामकाजाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास करताना असेच कोडे पडले होते. चांगल्या चाललेल्या टीम्समध्ये चुकांची नोंद जास्त दिसत होती, कारण तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. या टीममध्येही आधी लपलेलेच आता दिसू लागले होते.

किंमतही मोजावी लागली. पुढे ढकललेली सुविधा ठरल्यापेक्षा आणखी उशिरा आली. टीममध्ये दुसराही एक ज्युनियर होता. त्याला या सगळ्यात जागा नव्हती, आणि आपण मागे पडलो असे त्याला वाटू लागले. घटना ज्याच्या हातून घडली त्याला सगळे लक्ष मिळाले, जो नीट काम करत होता त्याला काहीच नाही. त्याची तक्रार रास्त होती.

वेगळे काय करता आले असते

त्या जुन्या मायग्रेशनमध्ये ओळ बदलताना दोन वाक्ये पुरली असती: मोठ्या टेबलवर लेखन अडते म्हणून ‘कन्करंटली’, आणि ते ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही म्हणून ही सेटिंग. त्याहून बरे म्हणजे, “हे टेबल कोट्यवधी नोंदींचं असेल तर काय होईल?” असे विचारून शोधायचे काम त्याच्यावर सोडणे. घाई असेल तर सीनियरने कोड स्वतः बदलावाच, पण कारण त्याच दिवशी लिहावे. आठवड्याच्या तासाभराच्या बैठकीसाठी राखून ठेवलेले कारण बहुधा राहूनच जाते.

निर्णयांची वाटणी सीनियरनी एकट्याने केली, ती दोघांनी बसून करायला हवी होती. ज्युनियरने नंतर सांगितले की त्याला कोणत्या गोष्टीची सर्वांत भीती वाटते ते त्या यादीत कुठेच नव्हते. त्याला मायग्रेशनपेक्षा दुसऱ्या टीमशी इंटरफेसवरून वाद घालायला जास्त भीती वाटे. कसोटी तांत्रिक धोक्याची होती, माणसाच्या धास्तीची नव्हती.

पद्धत बदलण्याची घोषणा पहिल्याच दिवशी, दोन्ही ज्युनियरना एकत्र बसवून, कारणासह करायला हवी होती. त्याने पहिल्याचा गैरसमज आणि दुसऱ्याची तक्रार या दोन्ही गोष्टी टळल्या असत्या. सीनियर रजेवर जाण्याआधी मंजुरीची जबाबदारी नाव घेऊन कोणाकडे तरी सोपवली असती, तर त्या मायग्रेशनकडे कोणी वरवर पाहिले नसते.

सीनियरच्या मूल्यमापनाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्या वर्षी त्यांनी लिहिलेला कोड साहजिकच कमी होता, आणि मूल्यमापनाच्या निकषांत मार्गदर्शनाला वेगळी जागा नव्हती. व्यवस्थापकांनी अभिप्रायात सविस्तर लिहिले, पुढच्या तिमाहीच्या नियोजनात मार्गदर्शनाचा वेळ काम म्हणून धरला, दुसऱ्या ज्युनियरसाठीही तसाच वेळ राखला. निकष बदलून घेणे त्यांच्या हातात नव्हते. त्यासाठी त्यांनी वरिष्ठांना दिलेला प्रस्ताव, मी हे लिहितो आहे तोपर्यंत, मंजूर झालेला नाही.